संदर्भ म्हणजे माफीनामा नव्हे

धर्मग्रंथातले किंवा एखाद्या जुन्या धर्मपंडिताचे वाक्य उचलून आजच्या माणसाच्या तोंडावर फेकायचे, ही रीत आपल्या चांगल्या परिचयाची आहे. वाक्य फेकले गेले की समोरून उत्तरही ठरलेले येते : ‘आधी संदर्भ पाहा.’ मुस्लिम समाजाला तर हे उत्तर वारंवार द्यावे लागते. कोणती आयत कोणत्या प्रसंगी उतरली याला आपल्याकडे शाने नुजूल म्हणतात आणि अकराव्या शतकात अल्-वाहिदीने या विषयावर स्वतंत्र ग्रंथच लिहून ठेवला आहे. संदर्भ पाहण्याची मागणी रास्त आहे, यात शंका नाही. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. संदर्भ कळल्यावर काय होते? कठोर वाक्य सौम्य होते का? ‘त्या काळी सगळेच तसे वागत’ एवढे म्हटले की लिहिणाऱ्याची जबाबदारी संपते का? आणि संपत नसेल, तर दीड हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला आजच्या कायद्याच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

या प्रश्नाचा विचार स्वतःच्या परंपरेपासून सुरू केला की मन स्थिर राहत नाही. एक तर बचावाची घाई होते, नाहीतर आपण किती पुरोगामी आहोत हे दाखवण्याची. म्हणून मी उदाहरण दुसऱ्या घरातले घेते : आरंभीच्या ख्रिस्ती लेखकांचे. दुसऱ्याच्या घरातला दोष दाखवून आपले घर स्वच्छ ठरत नाही, हे मात्र सुरुवातीलाच सांगून ठेवते. तिथे जो न्याय लावू, तोच इथे लावावा लागेल.

या लेखकांचा प्रदेश उत्तर आफ्रिका. आज जिथे ट्युनिशिया आणि अल्जिरिया हे मुस्लिमबहुल देश आहेत, तिथे तेव्हा रोमन साम्राज्याचा अंमल होता आणि कार्थेज हे त्या भागातले सर्वांत मोठे शहर होते. इ.स. 200 च्या सुमारास तिथे टर्टुलियन नावाचा विद्वान होऊन गेला. लॅटिन भाषेत ख्रिस्ती विचार मांडणाऱ्या पहिल्या मोठ्या लेखकांत त्याची गणना होते. ख्रिस्ती लोक तेव्हा थोडे होते. रोमन देवतांना बळी अर्पण करायला नकार दिला म्हणून त्यांना पकडले जाई, शिक्षा होई. इ.स. 212 च्या सुमारास टर्टुलियनने स्कॅपुला या रोमन सुभेदाराला उद्देशून एक पत्रवजा पुस्तिका लिहिली. तिचा आशय असा : आपल्या समजुतीप्रमाणे उपासना करणे हा प्रत्येक माणसाचा नैसर्गिक अधिकार आहे, एकाच्या धर्माने दुसऱ्याचे नुकसान होत नाही, धर्माची सक्ती करणे हे धर्माचे काम नव्हे. अठराशे वर्षांपूर्वीचे हे विचार वाचताना आजही नवल वाटते.

पण याच टर्टुलियनने ख्रिस्ती धर्मातल्या भिन्नमतवाद्यांविरुद्धही लिहिले. तिथे त्याचा सूर निराळा आहे. अशा लोकांना समजावत बसण्यापेक्षा त्यांना कर्तव्याला भाग पाडावे, असे तो म्हणतो. एकच लेखणी. सुभेदारासमोर ती स्वातंत्र्य मागते. आपल्याच धर्मातल्या वेगळ्या मताच्या माणसासमोर आली की तिची भाषा बदलते. टर्टुलियनच्या हातात सत्ता नव्हती, म्हणून हा विरोध कागदावरच राहिला.

शंभर वर्षांनी लॅक्टॅन्शियस आला. हाही मूळचा आफ्रिकेचा. सम्राट डायोक्लेशियनच्या राजधानीत, निकोमिडियात, तो वक्तृत्वाचा शिक्षक होता. इ.स. 303 मध्ये ख्रिस्ती लोकांचा मोठा छळ सुरू झाला आणि त्याची नोकरी गेली. त्या काळात लिहिलेल्या ग्रंथात तो सांगतो, की धर्माइतकी स्वेच्छेची दुसरी गोष्ट नाही. धर्माचे रक्षण दुसऱ्याला मारून होत नाही, स्वतः सोसून होते. पुढे 313 मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइन आणि लिसिनियस यांनी सर्वच धर्मांच्या लोकांना उपासनेची मोकळीक दिली. कॉन्स्टंटाइनने लॅक्टॅन्शियसला आपल्या मुलाचा शिक्षक नेमले. छळ सोसलेल्यांचे दिवस पालटले.

खरी परीक्षा इथून सुरू होते. 303 च्या छळात सरकारी माणसे ख्रिस्ती धर्मग्रंथ मागून घेऊन जाळत होती. काही धर्मगुरूंनी जिवाच्या भीतीने ग्रंथ देऊन टाकले. छळ थांबल्यावर प्रश्न उभा राहिला : अशा माणसाच्या हातून झालेला धर्मसंस्कार वैध कसा? कार्थेजचा नवा बिशप सीसिलियन याच्या दीक्षाविधीत असा एक ‘ग्रंथ देणारा’ होता, असा आरोप झाला. एका गटाने त्याला मानले नाही आणि स्वतःचा बिशप निवडला. या गटाचा पुढचा नेता डोनेटस. त्याच्या नावाने हा पंथ ओळखला जातो. आफ्रिकेत गावोगाव दोन चर्च, दोन बिशप अशी स्थिती झाली. श्रद्धा एक, ग्रंथ एक, प्रार्थना जवळजवळ सारखीच. भांडण फक्त एवढे, की शुद्ध कोण?

डोनेटसपंथीयांनी 313 मध्ये न्यायासाठी कॉन्स्टंटाइनकडे दाद मागितली. निकाल विरुद्ध गेल्यावर मात्र सम्राटाचा चर्चशी काय संबंध, असे ते विचारू लागले. त्यांच्या बाजूने लाठीधारी टोळ्या फिरत, विरोधी धर्मगुरूंवर हल्ले करत. सरकारनेही सैन्य पाठवून त्यांना चिरडण्याचे प्रयत्न केले. म्हणजे या कथेत एक बाजू निर्मळ आणि दुसरी दुष्ट, अशी सोय नाही.

या भांडणात जो माणूस उतरला तो ऑगस्टीन. जुन्या गोव्यातला सेंट ऑगस्टीनचा मोडका मनोरा पुष्कळांनी पाहिला असेल. तो ज्याच्या नावाचा, तोच हा. जन्म 354, थागास्ते गावी. हे गाव आज अल्जिरियात सूक अहरास म्हणून ओळखले जाते. ज्या हिप्पो शहराचा तो बिशप झाला, ते आजचे अन्नाबा. अल्जिरियाने 2001 मध्ये या आपल्या भूमिपुत्रावर आंतरराष्ट्रीय परिषद भरवली होती. पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारावर त्याच्याएवढा प्रभाव फार थोड्या लेखकांचा आहे.

इ.स. 392 च्या सुमारास, बिशप होण्यापूर्वी, ऑगस्टीनने एका डोनेटसपंथी बिशपला पत्र लिहिले. आपण दोघांनी लोकांसमोर उघड चर्चा करू, असे त्यात निमंत्रण आहे. पुढे तो म्हणतो, की शहरात सैनिक असेपर्यंत मी हे काम हाती घेणार नाही. सैनिक निघून गेल्यावरच घेईन. मी दहशतीच्या बळावर बोलतो आहे असे तुमच्या कुणालाही वाटू नये. वादाची याहून सभ्य अट कोणती असेल?

408 च्या सुमारास व्हिन्सेन्शियस नावाच्या जुन्या ओळखीच्या माणसाला त्याने दुसरे पत्र लिहिले. व्हिन्सेन्शियस हा डोनेटसपंथातूनही फुटलेल्या एका लहान, शांत गटाचा बिशप होता. मधल्या काळात, 405 मध्ये, सम्राट ऑनोरियसने डोनेटसपंथावर बंदी घालणारा कायदा केला होता. ऑगस्टीन या पत्रात मोकळेपणाने सांगतो, की कुणालाही बळाने एकत्र आणू नये, शब्दाने आणि युक्तिवादाने जिंकावे, असे माझे पूर्वी मत होते. ते मत युक्तिवादाने बदलले नाही, उदाहरणांनी बदलले. माझे स्वतःचे गाव पूर्वी डोनेटसच्या बाजूचे होते. कायद्याच्या भीतीने ते आमच्याकडे आले आणि आता असे आहे, की जणू कधी तिकडे नव्हतेच.

ही पायरी नीट पाहावी अशी आहे. सक्ती चूक की बरोबर, हा प्रश्न त्याने परिणामावरून सोडवला. भीतीने लोक आले आणि आल्यावर खुश दिसले, म्हणून भीती चांगली. मग आधार शोधायला वेळ लागला नाही. लूकच्या शुभवर्तमानात मेजवानीचा दाखला आहे. निमंत्रित आले नाहीत तेव्हा यजमान नोकराला सांगतो, की रस्त्यावरच्या लोकांना आग्रहाने आत आण. ऑगस्टीनने तो आग्रह सरकारी सक्तीपर्यंत ताणला. आजारी माणसाला वैद्य बांधून ठेवतो, बाप मुलाला मारतो, शिक्षक विद्यार्थ्याला छडी देतो. हे सर्व प्रेमाने होते ना, असे तो विचारतो. 417 मध्ये एका लष्करी अधिकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात तर तो म्हणतो, की अधर्मी लोक चर्चला छळतात तो अन्याय. चर्च त्यांना छळते ते प्रेमापोटी.

छडीचा दाखला आला की माझ्यासारख्या शिक्षिकेचे लक्ष तिथे अडकणारच. कारण याच ऑगस्टीनने आपल्या आत्मकथनात शाळेतल्या माराबद्दल लिहिले आहे. आज शाळेत मार बसू नये म्हणून लहानपणी तो देवाची प्रार्थना करी आणि मोठी माणसे, त्याचे आईवडीलसुद्धा, त्याच्या वळांना हसत. ग्रीक भाषा मार खात शिकला, ती नकोशी झाली. लॅटिन लाडाकोडात, बोलता बोलता शिकला, ती आयुष्यभर जवळ राहिली. शिकायला धाकापेक्षा मोकळी जिज्ञासाच अधिक उपयोगी पडते, असा निष्कर्षही तो काढतो. लगेच पुढे, त्या जिज्ञासेला शिस्तीचा बांध हवा, असेही जोडतो. बी.एड.च्या वर्गात बालमानसशास्त्र शिकवताना जे सांगितले जाते, ते या माणसाला चौथ्या शतकात अनुभवाने ठाऊक होते. आपल्याकडे शाळेतली शारीरिक शिक्षा 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने बंद केली. ऑगस्टीनने मात्र ज्या छडीला आपण घाबरलो, तीच मोठेपणी धर्मकारणात उदाहरण म्हणून उचलली. छडी खाणाऱ्याला जे कळले होते, ते छडी देणाऱ्याच्या बाजूला उभे राहिल्यावर त्याला पुरेसे वाटेना.

त्याला क्रूर म्हणून मोकळे होता येत नाही. 411 मध्ये कार्थेजला सम्राटाचा अधिकारी मार्सेलिनस याच्यासमोर दोन्ही बाजूंच्या पाचशेहून अधिक बिशपांची सभा झाली. निकाल डोनेटसपंथाविरुद्ध लागला. त्याच सुमारास त्या पंथाच्या काही माणसांनी एका धर्मगुरूचा खून केल्याचे आणि दुसऱ्याला अपंग केल्याचे कबूल केले. ऑगस्टीनने मार्सेलिनसला विनवले, की त्यांना देहदंड देऊ नका, त्यांचे हातपाय तोडू नका. आपल्या माणसाच्या मारेकऱ्यांसाठी त्याने हे मागितले. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्याची काही अज्ञात पत्रे आणि प्रवचने हाती लागली. त्यांतल्या एका पत्रात गुलामांचे व्यापारी माणसे पळवून हिप्पोच्या बंदरातून परदेशी नेत होते आणि चर्चच्या लोकांनी सुमारे 120 जणांना सोडवले, अशी हकीकत आहे. पीटर ब्राऊन या इतिहासकाराने 1967 मध्ये ऑगस्टीनचे गाजलेले चरित्र लिहिले. 2000 च्या आवृत्तीत त्याने या नव्या कागदांच्या आधारे आपले चित्र बरेच सौम्य केले.

तरीही 420 च्या सुमाराची एक घटना विसरता येत नाही. टिमगाड गावचा डोनेटसपंथी बिशप गॉडेन्शियस याच्याकडे कायदा घेऊन सरकारी अधिकारी आला. चर्च हिसकावले तर मी माझ्या लोकांसह त्यातच जळून मरेन, असे गॉडेन्शियसने कळवले. अधिकारी गोंधळला, त्याने ऑगस्टीनला विचारले. उत्तराचा आशय असा होता, की सगळे लोक फुटीच्या पापाने कायमच्या आगीत जाण्यापेक्षा काहींनी स्वतः लावलेल्या आगीत जळणे बरे. मारेकऱ्यांचा जीव मागणारा आणि हे लिहिणारा माणूस एकच आहे.

आता ‘त्या काळी सगळेच तसे’ हे वाक्य तपासू. सगळेच तसे होते का? दोनशे वर्षे आधी टर्टुलियन सुभेदाराला सांगत होता, की धर्म सक्तीचा नसतो. शंभर वर्षे आधी लॅक्टॅन्शियसने तेच सांगितले. ऑगस्टीनच्याच काळात पेटिलियन हा डोनेटसपंथी बिशप विचारत होता, की ख्रिस्ताने कुणाचा छळ केला? ऑगस्टीनने त्याची वाक्ये एकेक करून आपल्या ग्रंथात घेतली आणि खोडली. म्हणून तर ती आज वाचायला मिळतात. आणि सर्वांत मोठा साक्षीदार 392 चा ऑगस्टीन. सैनिक असताना बोलणार नाही म्हणणारा. दुसरा रस्ता होता. तो दिसत होता. काही काळ तो स्वतः त्यावरून चाललाही होता.

माझ्या मते संदर्भाचे खरे काम हे आहे. संदर्भ लेखकाला त्याचे विरोधक परत मिळवून देतो. वाक्य एकटे असते तेव्हा ते आज्ञा वाटते. ज्याला उद्देशून लिहिले, ज्याने त्याला उत्तर दिले, ज्याच्या पाठीवर त्याचा परिणाम झाला, ती सारी माणसे भोवती उभी राहिली की तेच वाक्य एका भांडणातली एक बाजू ठरते. मग कुणालाही ते उचलून देवाच्या नावाने वापरता येत नाही. आणि ‘बिचाऱ्याला दुसरे सुचणेच शक्य नव्हते’ असेही म्हणता येत नाही. समजून घेणे आणि सोडून देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

या वाक्यांचे पुढे काय झाले, हाही संदर्भाचाच भाग आहे. ज्या मार्सेलिनसने 411 चा निकाल दिला, त्याला 413 मध्ये बंडाच्या संशयावरून कार्थेजमध्येच ठार करण्यात आले. ऑगस्टीन त्याला वाचवू शकला नाही. 430 मध्ये ऑगस्टीन वारला तेव्हा व्हँडल टोळ्यांनी हिप्पोला वेढा घातला होता. तेही ख्रिस्ती, पण वेगळ्या पंथाचे. त्यांच्या हुनेरिक या राजाने 484 मध्ये कार्थेजला तशीच सभा बोलावली आणि डोनेटसपंथीयांविरुद्ध केलेले जुने रोमन कायदे, दर्जाप्रमाणे ठरवलेल्या दंडासकट, ऑगस्टीनच्या चर्चवर उलटवले. हत्यार तेच, फक्त हात बदलला.

1685 मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईने प्रोटेस्टंटांचे धर्मस्वातंत्र्य काढून घेतले. त्याच वर्षी ऑगस्टीनची सक्तीविषयीची दोन पत्रे फ्रेंचमध्ये छापून वाटण्यात आली. हॉलंडमध्ये परागंदा झालेल्या पिएर बेल या प्रोटेस्टंट लेखकाचा भाऊ त्याच वर्षी फ्रान्सच्या तुरुंगात मरण पावला. बेलने मेजवानीच्या त्या दाखल्यावरच ग्रंथ लिहायला घेतला. त्याचा मुद्दा साधा होता : आपणच सत्य आहोत म्हणून सक्तीचा अधिकार मिळत असेल, तर तो प्रत्येक पंथाला मिळतो, कारण प्रत्येकाला आपणच सत्य वाटतो. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर केला तो 1965 मध्ये.

आता आपल्या घराकडे वळणे भाग आहे. आपल्या पंडितांनीही काही लिहिले ते अल्पसंख्य असताना, काही सत्तेच्या सावलीत. दोन्ही काळातली वाक्ये आज एकाच कपाटात शेजारी शेजारी आहेत. कुणी कडक वाक्य दाखवले की आपण संदर्भ सांगतो. मऊ वाक्य हाती आले की संदर्भ न सांगता मिरवतो. शाने नुजूलची सवय असलेल्या समाजाने तरी असे करू नये. मऊ वाक्य कुणी, कुठल्या अवस्थेत लिहिले, हेही विचारावे. टर्टुलियनला विचारतो तसेच.

आणि एक प्रश्न जिवंत माणसांचा. या देशात आपण संख्येने थोडे आहोत आणि उपासनेचे, पेहरावाचे, खाण्यापिण्याचे स्वातंत्र्य मागतो. ते मागितलेच पाहिजे. संविधानाचे पंचविसावे कलम ते देते. पण जिथे आपले धर्मबांधव बहुसंख्य आहेत, तिथल्या ख्रिस्ती, हिंदू, अहमदिया माणसासाठी आपण तेच, तितक्याच मोठ्याने मागतो का? आपल्याच मोहल्ल्यातल्या वेगळ्या मताच्या लेखकासाठी मागतो का? मागत नसू, तर स्वातंत्र्य हे आपले तत्त्व नाही, आपली गरज आहे. गरज भागली की ती भाषा संपते. हाच प्रश्न या देशातल्या बहुसंख्याकांनीही स्वतःला विचारावा. पण त्यांनी विचारण्याची वाट पाहत आपण थांबण्याचे कारण नाही.

वर्गात इतिहास शिकवताना मुले विचारतात, ‘बाजी, हा माणूस चांगला होता की वाईट?’ ऑगस्टीनबद्दल विचारले तर मी त्यांना त्याची दोन पत्रे शेजारी ठेवायला सांगेन आणि विचारेन, की पहिल्या पत्राच्या वेळी सैनिक कुठे होते आणि दुसऱ्या पत्राच्या वेळी कुठे? एवढे पाहता आले, तर चांगला की वाईट हे मुले स्वतःच ठरवतील. आणि पुढे कधी त्यांच्या बाजूला सैनिक उभे राहिले, तर त्यांना हा तास आठवेल, एवढीच अपेक्षा आहे.